दव सुकेपर्यंत

कापूस फुटला की आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. तो त्यांचा बहर नव्हे. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या काठोकाठ भरलेल्या असतात, बाभळीच्या फांद्या त्यांच्या अंगाला घासतात आणि काट्यांना कापूस लागून राहतो. यवतमाळहून कळंबकडे निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलं की हे पांढरं वाटभर सोबत करतं. वाऱ्याने हलतं, पण सुटत नाही. यंदाही ते दिसलं, आणि मांडीवरचा पुस्तकांचा गठ्ठा मी उगाचच घट्ट धरला.

गठ्ठ्यात शब्दकोश होता. आमच्या जिल्ह्याच्या बोलीचा, नवा कोरा, अजून खळीचा वास न गेलेला. संपादक म्हणून त्याच्यावर माझं नाव आहे. ते पाहून मला आनंदाच्या आधी संकोच झाला. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. गेल्या हंगामात मात्र कारण होतं. ते रोज सकाळी माझ्यासमोर उभं असायचं: आमचं वावर, आणि त्यात वाकलेला माझा मोठा भाऊ.

मी शब्दकोशाचा संपादक आहे, हे वाक्य मी फार कमी ठिकाणी धड पुरं केलं आहे. पुण्यातले शेजारी विचारायचे, "म्हणजे अजून नवे शब्द निघतात का?" गावात तर प्रश्नच नव्हता. "बापू पुण्याले हाये," एवढंच दादा सांगायचा. कोणी जास्त खोदलं तर म्हणायचा, "कागदाचं काम हाये त्याचं," आणि विषय पऱ्हाटीवर न्यायचा. पऱ्हाटी म्हणजे आमचं कपाशीचं झाड. पऱ्हाटीवर बोलायला आमच्या गावात कोणालाही आवडतं. कागदावर बोलायला कोणालाच नाही.

त्यात दादाचा दोष नव्हता. वडील गेले तेव्हा मी पुण्यात होतो आणि तो वावरात होता. पुढेही तसंच राहिलं. दिवाळीला मी यायचो, उभ्या पिकावरून डोळे फिरवायचो, "यंदा चांगली हाये," असं जाणत्यासारखं बोलायचो आणि परत जाताना वहिनीने बांधून दिलेली तुरीची डाळ पिशवीत घालून गाडीत बसायचो. ती डाळ वर्षभर पुरायची. वर्षभर वरणाच्या पहिल्या घासाला मला गाव आठवायचं आणि दुसऱ्या घासाला मी ते विसरायचो.

पुण्यातल्या कोशाच्या कचेरीत मी लागलो तेव्हा शब्द लाकडी खणांत राहायचे. एका शब्दाचं एक कार्ड. खण ओढला की डिंकाचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि बोटाला लागेल त्या कार्डावर कोणाच्या तरी सुबक अक्षरात एखादा शब्द शांत झोपलेला असायचा. आमचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवायचे. कार्डावरच्या शब्दावर अंगठा ठेवायचा आणि खालची व्याख्या शेजारच्याला वाचून दाखवायची. त्याने शब्द ओळखला तर व्याख्या पास. नाही ओळखला तर कार्ड परत.

माझी पहिली मोठी चूक याच कचेरीतली. कोशात जागा वाचवण्यासाठी एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहून 'पाहा' म्हणण्याची पद्धत असते. मी 'कुटार' या शब्दापुढे लिहिलं, 'पाहा भुसकट.' मग काही महिन्यांनी, दुसऱ्या खणात काम करताना, 'भुसकट' या शब्दापुढे लिहिलं, 'पाहा कुटार.' कोश छापून झाला. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: 'महाराज, भुसकटाहून कुटाराकडे आणि कुटाराहून भुसकटाकडे मी हिंडतो आहे. मुक्काम कुठे करावा?' सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी मात्र कित्येक रात्री झोपलो नाही. तुरीचं कुटार पायाखाली तुडवत मोठा झालेला मी, आणि ते काय असतं हे लिहायचं माझ्याच हातून राहून गेलं!

नंतर कार्डं गेली, संगणक आले. सर गेले. मी सहसंपादक झालो, केस पांढरे झाले, मान धरायला लागली. काम मला मनापासून आवडायचं, हे इथे सांगितलं पाहिजे. सकाळी एखादा शब्द समोर यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चार अर्थ चार खुर्च्यांवर नीट बसलेले असायचे. त्यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कशात सापडलं नाही. पण आमच्याकडचे शब्द त्या कोशात आलेच तर पाहुण्यासारखे यायचे, दाराशी बसायचे. पन्नाशी उलटल्यावर मी नोकरी सोडली, यवतमाळला खोली घेतली आणि या एका जिल्ह्याच्या बोलीचा कोश करायला लागलो. बायको पुण्यात शाळेत शिकवते, ती म्हणाली, "जा. नाहीतर त्याचंही अपराधी वाटत बसशील."

दोन-तीन वर्षांत उमरखेडपासून वणीकडच्या गावांपर्यंत फिरून शब्द जमले. व्याख्याही लिहून झाल्या. नागपूरच्या एका संस्थेने छापायचं कबूल केलं. तिथल्या सल्लागार बाई, निवृत्त प्राध्यापक, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. त्यांनी एकच अट घातली: संक्रांतीपर्यंत पक्की प्रत हातात हवी. नाहीतर छपाईची पाळी दुसऱ्या पुस्तकाला जाईल, आणि आमचा नंबर पुन्हा कधी लागेल ते सांगता येणार नाही. दिवाळी होऊन गेली होती. शेवटची तपासणी गावात बसून करू, असं मी ठरवलं. खरं कारण हे की वेचणीच्या हंगामात एकदा तरी गावात असावं, असं मला वाटत होतं.

पहिल्या वेचणीच्या सकाळी वहिनीने वावरात सीतादही केली. दगडं ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. दह्याचा आंबूस वास, ओल्या मातीचा वास आणि त्यावर पऱ्हाटीच्या पानांचा तो उग्रट, हिरवा वास. इतकी वर्षं 'सीतादही' हा शब्द मी कोशात सांभाळला होता आणि त्याचा वास विसरलो होतो. मग वेचणाऱ्या बायांनी कमरेला फडकी बांधली, एकेकीने एकेक तास, म्हणजे पऱ्हाटीची एकेक ओळ, धरलं, आणि वावराच्या त्या टोकापर्यंत नुसती डोकी आणि बोलणं दिसायला लागलं. हो, बोलणं दिसायला लागलं असंच मला म्हणायचं आहे. एकीकडून हसू उठायचं आणि पऱ्हाट्यांवरून ते पलीकडे जाताना कळायचं.

मी धुऱ्यावर बोरीच्या सावलीत कागद घेऊन बसलो. जुन्या सवयीने एकेक व्याख्या मोठ्याने वाचत होतो. जवळच्या तासातून गोदाबाई आली. ती आमच्याच गावची, वहिनीच्या वयाची, आमच्या वावरात वर्षानुवर्षं वेचणारी.

"काय पुटपुटून राह्यले, लहाने भाऊ? मंतर हाये का?"

"व्याख्या आहे. ओळखता का, कशाची ते?" मी कागदावरच्या शब्दावर अंगठा ठेवला आणि वाचलं, "दोन शेतांच्या दरम्यान असलेला, हद्द दर्शविणारा, सामान्यतः गवत व झुडपे वाढलेला मातीचा लांबट उंचवटा."

बाया थांबल्या. गोदाबाईने पदराने तोंड पुसलं. "कबर?"

"नाही."

"रेल्वेची लाइन," मागून कोणी म्हणालं.

कमळाबाई पुढे आली. ती शेजारच्या बंजारा तांड्यावरची. तिच्यासोबत तांड्यावरच्या बाया आमच्याकडे वेचायला यायच्या. घरी त्या गोरबोली बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. ती म्हणाली, "सरकारी काम दिसते भिया. बांधबंधारा."

मी अंगठा उचलला. "धुरा."

मग जे हसू फुटलं त्याने बोरीवरचे पोपट उडाले. "अवो माय! धुऱ्यावर बसून धुरा वाचून राह्यले, आन आमाले कबर दिसून राह्यली!" गोदाबाई खाली बसून हसत होती. वहिनीही हसत होती. मीही हसलो. दुसरी व्याख्या वाचली, तिसरी वाचली. एकही पास झाली नाही.

कचेरीत आम्ही अंगठा ठेवून एकमेकांना विचारायचो तेव्हा आम्ही नेहमी पास का व्हायचो, ते त्या दुपारी मला कळलं. आम्ही सगळ्यांनी तीच पुस्तकं वाचलेली होती. एकमेकांची वाक्यं ओळखत होतो, वस्तू नव्हे. माझी प्रत तयार होती आणि ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती. समोर संक्रांत होती. प्रत तशीच नागपूरला पाठवली असती तर छापली गेली असती, हे मला पक्कं माहीत होतं. चूक कोणाला सापडली नसती. पण वावरातलं ते हसू ऐकल्यावर ती पाठवणं मला शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी व्याख्या नव्याने लिहायला लागलो, आणि लिहिली की तासांमध्ये जाऊन वाचायला. 'जागली' या शब्दाची वाचली: पिकाची राखण करायला वावरात मुक्कामाला राहणं.

"ही तं नवऱ्याची घरून पळाची तरकीब हाये," गोदाबाई म्हणाली.

"काय नाव त्या तरकिबीचं?"

"जागली! दुसरं काय!"

पास.

पण हसणं वाढलं तसे हात मंदावले. चौथ्या-पाचव्या दिवशी दादा तासांच्या मधून आला. दादा ओरडत नाही. तो हळू बोलायला लागला की समजायचं.

"हसून राह्यल्या का वेचून राह्यल्या वो?"

बाया भराभर वाकल्या. मग तो माझ्याकडे वळला. "वर पाह्य. आभाळ येऊन राह्यलं. पानी पडलं तं फुटलेलं सारं काळं पडन. तुह्या कोशानं बोंडं फुटत नाईत, बापू."

तो खरं बोलत होता, आणि वाईट याचं वाटत होतं की त्याने ते अनेक वर्षं बोलायचं टाळलं होतं. मी म्हणालो, "उद्यापासून सकाळी मी वेचतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यांना विचारतो. चालेल?"

"सुट्टी त्यायची हाये. मी कोन देनारा? त्यायले इचार."

आणि तो गेला. बाया लगेच म्हणाल्या, "इचारा न भाऊ. भाकरीसंगं गंमत होते." पण मला दादाचं 'चालते' ऐकायचं होतं. त्या हंगामात मला दोन गोष्टी हव्या होत्या: कोश वेळेत आणि खरा व्हावा, आणि हे काम आहे असं दादाने एकदा म्हणावं. पहिली माझ्या हातात थोडीफार होती. दुसरी नव्हती.

कापूस वेचणं दिसतं तसं मऊ काम नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पहिल्याच दिवशी माझी नखं मागे गेली, बोटांतून रक्त आलं, आणि कापसाबरोबर पाल्याचा चुरा फडक्यात येत राहिला. कमळाबाई शेजारच्या तासातून बघत होती.

"भिया, कापूस वेचून राह्यले का पऱ्हाटीची मान मुरगाळून राह्यले?"

"शिकतोय."

"शिका. तांड्यावर या, वर्षभर काम देतो."

संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी तोलली जायची. माझं गाठोडं इतरांच्या शेजारी उशीसारखं दिसायचं. दादा त्यातला पाला बोटाने वेगळा करायचा आणि पुढचं गाठोडं काट्याला लावायचा. हसला असता तर बरं वाटलं असतं. पण रोज सकाळी मी फडकं बांधलं की तो मला तास दाखवायचा, आणि मला आता आठवतं की तो नेहमी पूर्वेकडचं, उन्हाला पाठ राहील असं तास दाखवायचा.

सकाळी वेचणी, दुपारी भाकरीबरोबर व्याख्या, संध्याकाळी ओट्यावर बसून पुन्हा लिहिणं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कचेरी होती. ठेच्याचा वास लागलेले कागद अजून माझ्याकडे आहेत. शब्द माणसासारखे वागायला लागले. धुऱ्याची नवी व्याख्या मी अशी लिहिली: दोन वावरांमधला, गवत वाढलेला मातीचा उंच पट्टा, याच्यावर कोणी पेरत नाही आणि याच्यासाठी सगळे भांडतात. वाचून पुरी होण्याआधी चौघी ओरडल्या. पण नुसती गंमत लिहूनही भागत नाही. कोश म्हणजे उखाण्यांचं पुस्तक नव्हे. परक्या माणसाला वस्तू दिसली पाहिजे आणि घरच्या माणसाला ती आपली वाटली पाहिजे; या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवायला पुण्यातली सगळी वर्षं कामाला आली. ती वर्षं फुकट गेली नव्हती, हे मला त्या बोरीखाली कळलं. हे इतकं सुख देणारं होतं की एके दुपारी मी भाकरी हातात धरून तसाच बसून राहिलो आणि वहिनीने विचारलं, "भाऊजी, मिरची लागली का?"

बायांचं एकमत कधीच व्हायचं नाही, हीही मौज होती. 'बह्याड' या शब्दावर दोन दिवस भांडण चाललं.

"शिवी हाये ते," कमळाबाई म्हणाली.

"कायची शिवी? माही सासू मले जलमभर बह्याड म्हने. मेली तवा मीच सगळ्यायत जास्त रडलो," गोदाबाई म्हणाली.

"काहून? सुटली म्हनून?"

मी दोघींचं ऐकलं आणि दोघींनाही न जुमानता लिहिलं: ज्याला व्यवहार कळत नाही असा, रागाने म्हटलं तर मूर्ख, मायेने म्हटलं तर भोळा. दुसऱ्या दिवशी शब्द झाकून वाचलं, 'ज्याला व्यवहार कळत नाही असा—' आणि सगळ्यांनी एका सुरात माझ्याकडे बोट दाखवलं, "लहाने भाऊ!" मी ती व्याख्या पास केली. इतकी पक्की पास झालेली व्याख्या मी आजवर लिहिलेली नाही.

पण दिवस पळत होते. अक्षरांमागून अक्षरं होत होती तरी शेवटची काही, स पासून पुढची, अजून तशीच होती. नागपूरच्या बाईंचा फोन आला. "संक्रांतीचं लक्षात आहे ना?" मी हो म्हणालो आणि राहिलेली पानं मोजायला बसलो. आमची वेचणी संपत आली होती. ती संपली की तांड्यावरच्या बाया दुसऱ्याच्या वावरात जाणार, मग मी विचारणार कोणाला? दुपारच्या सुट्टीत पुरेसं होत नव्हतं. दादाकडे आणखी वेळ मागायची माझी हिंमत नव्हती. ज्याने तास सोडून कधी मान वर केली नाही, त्याला मी काय म्हणणार होतो? की माझे काही शब्द राहिलेत?

त्या आठवड्यात धुई पडायला लागली. सकाळी वावर दिसायचं नाही. बोंडं दवाने चिंब व्हायची, आणि ओला कापूस वेचून ठेवला तर तो गंजीत पिवळा पडतो. बाया धुऱ्याजवळ काटक्या पेटवून हात शेकत बसायच्या. दादा म्हणाला, "दव सुकेपर्यंत हात लावू नका." आणि मग माझ्याकडे न बघता, "तोवर बापूचं काय हाये ते घ्या."

ती सकाळ मी सोन्यासारखी वापरली. दुसरीही. तिसरीही. शेकोटीचा धूर डोळ्यांत, कागद गुडघ्यावर, आणि व्याख्यांमागून व्याख्या पास. दादा पलीकडे बैलांना चारा टाकायचा, गाडीची दोरी आवळायचा. आमच्याकडे त्याची पाठ असायची.

एका सकाळी धुई नव्हतीच. रात्रभर कोरडं वारं वाहिलं होतं, ऊन स्वच्छ पडलं होतं. बाया फडकी बांधायला लागल्या. मी कागद पिशवीत भरले. दादा पहिल्या तासाशी गेला, एक बोंड बोटांत धरलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"वली हाये अजून," तो म्हणाला.

मी जवळच्या बोंडाला हात लावला. ते कागदासारखं कोरडं होतं. कमळाबाईनेही एक बोंड चाचपलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दादाच्या पाठीकडे पाहिलं, आणि फडकं सोडून शेकोटीशी बसली.

"हाव," ती गंभीरपणे म्हणाली, "भल्ली वली हाये. वाचा भिया."

मी पिशवीतून कागद पुन्हा बाहेर काढले. शेवटचं अक्षर संपेपर्यंत आमच्या वावरात रोज दव पडत राहिलं, आणि त्या दिवसांत आजूबाजूच्या कोणाच्याही वावरात ते पडत नव्हतं.

संक्रांतीला मी नागपूरला बाईंच्या घरी गेलो. दारात तिळगूळ घेतला, प्रत समोर ठेवली. त्यांनी मधलंच पान उघडलं, चष्मा सावरला, थोडं वाचलं आणि हसल्या. मग आणखी एक पान. मग त्या वाचतच राहिल्या. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी त्यांनी पानं नीट केली. "मी आजवर कोश उघडत आले," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा वाचला. छापायला देते." बाहेर आलो तेव्हा आकाशभर पतंग होते. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस रस्त्यात ओरडत नाही, म्हणून मी वहिनीला फोन केला आणि फोनमध्ये ओरडलो.

यंदा एसटीतून उतरलो तो तडक वावरात गेलो. वेचणी जोरात होती. गठ्ठा सोडला तेव्हा बाया हात पुसून भोवती जमल्या. कोणी पुस्तकाचा वास घेतला, कोणी वजन पाहिलं. मागच्या पानांवर ज्यांनी शब्द तपासले त्यांची नावं आहेत. वहिनीने ती वाचून दाखवली. गोदाबाईने आपलं नाव पुन्हा वाचायला लावलं. कमळाबाई म्हणाली, "आमच्या तांड्याचं नाव बी हाये का? हाये? मंग एक पुस्तक तिकडे न्या लागते."

वहिनीने पुस्तक आपल्याकडे घेतलं. "आता बसा भाऊजी. गेल्या साली आमची परीक्षा घेतली. यंदा तुमची."

ती पान उघडायची, शब्दावर अंगठा ठेवायची आणि वाचायची. पहिले काही मी असे सांगितले की बाया वाहवा करायला लागल्या. छाती फुगली. मग तिने एक पान निवडलं, वर पाहिलं, आणि म्हणाली, "याचं पयलं वाक्य नाई सांगत. लगेच वळखसान." आणि मधूनच वाचलं: "आज माझ्या वावरात तू, उद्या तुझ्या वावरात मी, मोजत कोणी नाही, विसरतही कोणी नाही."

वाक्य माझंच होतं. ओळखीचं होतं, कधी लिहिलं तेही आठवत होतं. पण शब्द येईना. 'विसरतही कोणी नाही' एवढंच कानात घुमत राहिलं, आणि तोंडातून निघालं, "उधारी?"

वावर हादरलं. "अवो, सोताचंच लिवलेलं!" गोदाबाई ओरडली. "नापास! लहाने भाऊ नापास!" कमळाबाई हसता हसता खोकायला लागली. मी कपाळाला हात लावून बसलो होतो.

दादा थोड्या अंतरावर गाठोड्यात कापूस दाबत होता. गुडघा त्यावर रोवलेला, दोन्ही हातांत गाठीची टोकं. त्याने गाठ ओढली, पक्की केली.

"सावड," तो म्हणाला.

वहिनीने अंगठा उचलला आणि राहिलेलं वाक्य वाचलं. "सावड: मजुरी न घेता, एकमेकांच्या वावरात आळीपाळीने काम करण्याची रीत."

मी दादाकडे पाहिलं. तो गाठोड्यावरून उठला, हात झटकले, आणि पहिल्यांदाच आमच्या घोळक्यात येऊन बसला. वहिनीच्या हातातल्या पुस्तकाकडे त्याने हनुवटीने खूण केली.

"पुढचं वाच."